विश्लेषण : विहिरीत निघालेला चमकता दगड हिरा की गारगोटी? घरच्या घरी कसे ओळखता येते?

उन्हाळा लागला की बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात विहिरींची खोली वाढवणे, बोअर घेणे, शेततळे खोदणे अशी कामे निघतात. काळ्या पाषाणात सुरुंग उडतो आणि ढिगाऱ्यात एखादा दगड असा निघतो, की ज्याच्या पोटात पांढरे, गुलाबी किंवा हिरवट स्फटिक चमकत असतात. तासाभरात त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. कुणी त्याला हिरा म्हणतो, कुणी उल्का, कुणी 'लाखांत जातो' असे सांगतो. बारामतीजवळच्या कन्हेरीसारख्या गावात असा दगड सापडणे नवलाचे नाही. तो नेमका काय आहे, हे बऱ्याच अंशी घरातल्या वस्तूंनीच तपासता येते. त्यासाठी लोहचुंबक, पोलादी खिळा, काचेचा तुकडा, फुटका चिनीमातीचा कप, व्हिनेगर आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा एवढे साहित्य पुरते. या चाचण्या कशा करायच्या, त्या कुठे फसवतात आणि दगड 'किमती' निघालाच तर पुढे काय, याविषयी…

कन्हेरीच्या जमिनीखाली मुळात आहे काय?

कन्हेरी राज्याला माहीत आहे ती तिथल्या मारुती मंदिरात फुटणाऱ्या निवडणूक प्रचाराच्या नारळांमुळे. भूगर्भाच्या दृष्टीने मात्र हे गाव दख्खनच्या पठारावरील इतर हजारो गावांसारखेच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. त्यातून तयार झालेला बेसॉल्ट म्हणजेच आपला काळा पाषाण. तो आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्रे घेतली तेव्हा हा थर ९०० मीटरहून जाड निघाला. किल्लारीत तो ३३८ मीटर होता.

ओळख पटवण्याच्या दृष्टीने यातून एक मोठी सोय होते. दगड खरोखर याच मातीतला असेल, तर संशयितांची यादी लहान राहते. ती अशी : काळा पाषाण, त्याचाच झिजलेला मुरूम, छोट्या पांढऱ्या ठिपक्यांचा 'मांजऱ्या' खडक, दोन लाव्हा थरांमधली गेरूसारखी लाल माती, पोकळ्यांत वाढलेले स्फटिक आणि काळ्या मातीत तयार झालेली चुनखडी. ग्रॅनाइट, संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशी यांचे तुकडे शेतात दिसले तर ते बहुधा कुणाच्या तरी बांधकामातून आलेले असतात. म्हणूनच दगड हातात घेतल्यावर पहिला प्रश्न 'हा काय आहे' असा न विचारता 'हा सापडला कुठे' असा विचारावा. विहिरीच्या ४० फुटांवरच्या पाषाणातून स्वतः फोडून काढलेला दगड आणि रस्त्याकडेला उचललेला दगड, दोन्ही दिसायला सारखे असले तरी पुराव्याच्या दृष्टीने सारखे नाहीत.

मग हे चमकणारे स्फटिक कुठून आले?

थिजणाऱ्या लाव्ह्यातून वायू बाहेर पडताना बुडबुडे अडकतात. पुढे या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले गरम पाणी लाखो वर्षे झिरपत राहिले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. वाण्याच्या दुकानातली खडीसाखर दोऱ्यावर वाढते, तसाच हा प्रकार. यातला मोठा गट झिओलाइटचा. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी हे नाव दिले. तापवल्यावर दगडातले पाणी उकळून फेसाळते, म्हणून 'उकळणारा दगड' या अर्थाचे ग्रीक शब्द त्यांनी जोडले.

दख्खनचे हे खजिने जगाला माहीत झाले ते खोदकामांमुळे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेमार्ग खोदताना सुंदर नमुने निघाले आणि परदेशी संग्रहालयांत गेले. आजही पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर जिल्ह्यांतील खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट आणि ॲपोफिलाइट जगभरचे संग्राहक विकत घेतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील गडद निळे कॅव्हन्साइट तर या क्षेत्रातले मोठे नाव आहे. त्यातील कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉनवरून त्याचे नाव पडले. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात अशी खनिजे काचेआड पाहता येतात. दगड ओळखायला शिकायचे असेल तर तिथे घालवलेली एक दुपार इंटरनेटवरच्या शंभर फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडते.

ओरखड्याची चाचणी नेमकी कशी करायची?

जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोह्ज यांनी १८१२ मध्ये दहा खनिजे मऊपासून कठीणपर्यंत लावली : संगजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, फेल्स्पार ६, स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. ज्याचा क्रमांक मोठा, तो लहान क्रमांकाच्या खनिजावर ओरखडा पाडतो. (माणिक आणि नीलम ही कुरुंदाचीच रूपे, इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द भारतीय भाषांतूनच गेलेला आहे.)

घरात ही पट्टी अशी लावता येते. बोटाचे नख सुमारे अडीच, तांब्याची तार तीनच्या आसपास, खिडकीची काच आणि पोलादी चाकूचे पाते साडेपाचच्या जवळपास. परदेशी पुस्तकांत तांब्याऐवजी 'नाणे घ्या' असे सांगितलेले असते. आपल्याकडे ते चालत नाही. सध्याची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, ती तांब्यापेक्षा बरीच कठीण. त्यापेक्षा वायरमनकडचा जाड तांब्याच्या तारेचा तुकडा बरा.

चाचणी करताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे झिजलेल्या पृष्ठभागावर ओरखडा काढणे. उन्हापावसाने कुजलेला पाषाणही नखाने उकरतो, त्यामुळे ताजा फुटलेला भागच घ्यावा. दुसरी चूक, पावडर म्हणजेच ओरखडा असे समजणे. काचेवर दगड घासला की पांढरी रेघ दिसते. ओल्या बोटाने ती पुसून पाहावी. रेघ गेली तर दगड झिजला होता, खाच उरली तर काच कापली गेली. आणि तिसरी, दगड हातात धरलेल्या काचेवर घासणे. काच टेबलावर सपाट ठेवावी, हातात धरू नये.

काच सहज कापली गेली तर दगड बहुधा स्फटिक कुळातला, म्हणजे गारगोटी, अकीक किंवा जांभळा ॲमेथिस्ट. गारगोटीची आणखी एक चाचणी खेड्यातल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या की आतून फिकट उजेड चमकतो आणि जळका वास येतो. घर्षणाने आणि बारीक फुटण्याने निर्माण होणारा हा प्रकाश आहे. ठिणग्या उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा, एवढेच.

काच कापली गेली नाही, पण तांब्याच्या तारेने दगडावरही ओरखडा पडला नाही, तर तो मधल्या गटात, म्हणजे साडेतीन ते साडेपाचच्या दरम्यान येतो. आपल्याकडची बहुतेक झिओलाइट आणि ॲपोफिलाइट इथेच बसतात.

सराफाची कसोटी दगडालाही लागते?

लागते. सोनार काळ्या कसोटीवर दागिना घासून रेघ पाहतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे रेघ पांढऱ्या पाटीवर काढायची. कपाच्या तळाशी असलेली चकाकी नसलेली कड किंवा फुटलेल्या चिनीमातीची खरखरीत बाजू त्यासाठी चालते. खनिजाचा बाहेरचा रंग फसवतो, पण त्याच्या भुकटीचा रंग सहसा बदलत नाही. हेमेटाइट हे लोहखनिज काळे-राखाडी दिसले तरी रेघ तांबूस येते. मॅग्नेटाइटची रेघ काळी. 'मूर्खांचे सोने' म्हणून ओळखले जाणारे पायराइट पितळेसारखे झळाळते, पण रेघ हिरवट काळी उमटते. खऱ्या सोन्याची रेघ सोनेरीच राहते. शिवाय सोने हातोडीने चेपते, पायराइटचा चुरा होतो.

दगड पाटीपेक्षा कठीण असेल तर तो स्वतः न झिजता पाटीच ओरखडतो. अशा वेळी 'रेघ पांढरी आली' असे वाटते, पण ती पाटीची भुकटी असते.

व्हिनेगरचा थेंब शेतकऱ्यासाठी महत्त्वाचा का?

दगड ओळखण्याच्या सगळ्या घरगुती चाचण्यांत बारामती परिसरात सर्वांत कामाची चाचणी हीच. हिऱ्यामाणकांशी तिचा काही संबंध नाही. तिचा संबंध थेट पिकाशी आहे.

चुना असलेल्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या दगडावर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. घरातले व्हिनेगर किंवा लिंबाचा रस सौम्य असतो, त्यामुळे फेस जोरात उसळत नाही. म्हणून आधी खिळ्याने दगड खरवडून थोडी भुकटी करावी, तिच्यावर थेंब टाकावा आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून किंवा भिंगातून पाहावे. कोरड्या, सच्छिद्र दगडावर थेंब टाकला की आतली हवा बाहेर येते आणि तिचेही बुडबुडे दिसतात. यासाठी दगड आधी पाण्यात भिजवून घ्यायचा आणि मग थेंब टाकायचा.

पोकळीतला पांढरा, तिरप्या चौकोनी ठोकळ्यांत फुटणारा स्फटिक फसफसला तर तो कॅल्साइट. तो पारदर्शक असेल तर छापील ओळीवर ठेवावा. अक्षरे दुहेरी दिसतात. याच चाचणीत संगमरवर, शहाबादी आणि कोटा फरशीही फसफसते. गारगोटी, झिओलाइट आणि जिप्सम फसफसत नाहीत. स्वयंपाकाच्या ओट्यावर लिंबू पिळले आणि डाग पडला, तर दुकानदाराने काहीही म्हटले तरी तो दगड ग्रॅनाइट नव्हे.

आता शेताकडे. कमी पावसाच्या या पट्ट्यात काळ्या मातीत पांढरट-पिवळसर खडे सापडतात, ती चुनखडी. मातीत विरघळलेला चुना पाणी उडून गेल्यावर गाठींच्या रूपाने साचत जातो. मातीत मुक्त चुना जास्त झाला की लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात आणि शेतकरी त्याला 'केवडा' म्हणतात. फळबागेसाठी चुनखडीचे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आत असावे, असा सल्ला दिला जातो. बाग लावून दोन-तीन वर्षांनी हे कळण्यापेक्षा, खड्डे घेताना निघालेल्या मातीवर आणि खड्यांवर एक थेंब टाकून पाहणे कितीतरी स्वस्त. खड्ड्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या मातीवर वेगवेगळा थेंब टाकावा. अनेकदा वर काही नसते आणि दोन फुटांखाली माती जोरात फसफसते.

नीरा कालव्याखालच्या भागात दुसरा प्रश्न आहे तो शेतावर येणाऱ्या पांढऱ्या थराचा. हा प्रश्न जुना आहे. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिलेली पुस्तिका मुंबई प्रांताच्या कृषी खात्याने १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती. हा थर मिठाचा की चुन्याचा, हे प्राथमिक पातळीवर असे पाहता येते : चमचाभर थर खरवडून पेलाभर पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात ढवळावा. विरघळून गेला तर क्षार. खाली गाळ उरला तर वरचे पाणी ओतून द्यावे, आणखी एकदा धुवावे आणि मग गाळावर व्हिनेगर टाकावे. धुण्याचा टप्पा वगळून चालत नाही. चोपण जमिनीत धुण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात आणि तेही फसफसतात.

हा फरक का महत्त्वाचा? कारण 'जमीन खराब झाली, जिप्सम टाका' हा सल्ला सर्रास दिला जातो. चुनखडीयुक्त चोपण जमिनीत मात्र जिप्समऐवजी गंधक आणि सेंद्रिय खते यांचा विचार करावा लागतो. घरच्या चाचणीने प्रमाण कळत नाही. ते माती परीक्षणातच कळते. बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस प्रबंधन संस्था आहे. उथळ मुरमाड आणि खडकाळ जमिनीत शेती कशी करायची, हा या संस्थेच्या कामाचाच भाग आहे. नमुना देताना 'मुक्त चुनखडी' ही तपासणी आवर्जून मागावी.

वजनकाट्यावर दगड ओळखता येतो, तो कसा?

'हातात जड लागतो' हा अंदाज कुणालाही येतो, पण तो आकड्यात बसवला तर फार उपयोगी पडतो. आधी कोरडा दगड वजन करावा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवावा, मात्र तो तळाला किंवा भांड्याच्या कडेला टेकू द्यायचा नाही. काट्यावर जो आकडा येईल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की घनता मिळते.

समजा दगड १३२ ग्रॅम भरला आणि पाण्यात बुडवल्यावर काट्याने ४६ ग्रॅम दाखवले. १३२ भागिले ४६ म्हणजे २.८७. हा साधा काळा पाषाण. गारगोटी २.६५ च्या जवळ येते, कॅल्साइट २.७, स्टिल्बाइट २.२, ॲपोफिलाइट २.३ ते २.४. हिरा ३.५, कुरुंद ४, पायराइट ५, मॅग्नेटाइट ५.२, शिशाचे खनिज गॅलेना साडेसातच्या आसपास आणि शुद्ध सोने १९.३. दगडाला छिद्रे असतील तर आकडा कमी येतो. आणि एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर हरभऱ्याएवढा खडा तपासण्यात अर्थ नाही. त्यासाठी सराफी पद्धतीचा छोटा काटा लागतो.

सोळा आणे खरे सांगणारी अशी एकही घरगुती चाचणी नाही. पण काठिण्य, रेघ, आम्ल आणि घनता या चारही गोष्टी एकाच नावाकडे बोट दाखवू लागल्या, तर चूक होण्याची शक्यता फार कमी उरते. त्यापेक्षा वेगाने आणि आत्मविश्वासाने चुकतात ती फोटोवरून दगड ओळखणारी मोबाइल ॲप. फोटोला वजन नसते आणि ओरखडाही पडत नाही.

चुंबकाला चिकटला म्हणजे उल्का?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. काळ्या पाषाणातच मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. कऱ्हेच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला तर त्याला काळ्या कणांची दाढी येते. त्यामुळे दोऱ्याला टांगलेला चुंबक दगडाकडे किंचित ओढला जाणे हे दख्खनमध्ये काहीच सिद्ध करत नाही. लोहाराच्या भट्टीतली धातुमळी आणि वीटभट्टीचा खंगर यांनाही अनेकदा लोक उल्का समजतात. दोन्ही काळे, जड, वितळल्यासारखे दिसतात. पण त्यांच्यात बुडबुड्यांची छिद्रे असतात, आणि उल्कापाषाणात सहसा छिद्रे नसतात.

खऱ्या उल्कापाषाणावर पातळ, काळे, जळके कवच असते आणि आतला भाग फिकट राखाडी असतो. त्या फिकट भागात धातूचे चमकते कण दिसतात. घनता साधारण ३.३ ते ३.७ असते. कपाच्या कडेवर घासले तर ठळक काळी किंवा तांबडी रेघ येत नाही. तशी आलीच तर तो मॅग्नेटाइट किंवा हेमेटाइट असण्याची शक्यता जास्त.

महाराष्ट्रात हे घडले आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात उल्कापाषाणांचा वर्षाव झाला. त्या तुकड्यांवर पुढे बराच अभ्यास झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयआयटी खरगपूरच्या संशोधकांच्या अभ्यासात त्यात ब्रिजमनाइट हे खनिज आढळले. पृथ्वीच्या पोटात सर्वाधिक प्रमाणात असलेले, पण पृष्ठभागावर जवळपास न मिळणारे हे खनिज. शेतात पडलेला एक काळा दगड कुणीतरी उचलून नीट सुपूर्द केला, म्हणून हे शक्य झाले. असा दगड सापडला तर तो धुवू नये, चुंबक वारंवार लावू नये (आतली मूळ चुंबकीय नोंद बिघडते), कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे. देशातील उल्कापाषाणांचा अधिकृत संग्रह याच विभागाकडे असतो.

पण हिरा निघूच शकत नाही का?

काळ्या पाषाणात नाही. हिरे पृथ्वीच्या पोटात साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतात आणि विशिष्ट प्रकारच्या, वेगाने वर येणाऱ्या शिलारसातून पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. मध्य प्रदेशातील पन्नाजवळच्या मझगवाँ येथे तसा खडक आहे. बारामतीखालचा लाव्हा त्या जातीचा नाही.

विहिरीत निघणारा 'हिरा' बहुतेक वेळा क्वार्ट्झ किंवा ॲपोफिलाइट असतो. ॲपोफिलाइट तर फारच फसवे : पाण्यासारखे पारदर्शक, टोकदार, एखाद्या पैलूवर मोत्यासारखी झळाळी. पण चाकूच्या टोकाने त्यावर ओरखडा पडतो, तिथेच विषय संपतो. क्वार्ट्झ काच कापते आणि 'काच कापली म्हणजे हिरा' ही समजूत इथूनच पसरली आहे. काच कापणारी खनिजे डझनावारी आहेत.

या समजुतीची किंमत मोठी असू शकते. जून २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्वाहलाथी या गावात एका गुराख्याला चमकता खडा सापडल्याची बातमी पसरली. हजारांवर लोक कुदळी-फावडी घेऊन माळावर आले आणि दिवसचे दिवस खणत राहिले. सरकारी तज्ज्ञांनी तपासल्यावर ते क्वार्ट्झचे स्फटिक निघाले. करोनाचा काळ होता, गर्दी हटवणे प्रशासनाला जड गेले आणि गुरांच्या चराऊ रानात खड्डे तेवढे राहिले.

फसवणूक कशी होते?

दोन बाजूंनी. एकीकडे, साध्या दगडाला 'उल्का', 'नागमणी', 'रेडिअमचा दगड' म्हणून विकणारे. मांडुळाच्या नावाने चालणारा धंदा ग्रामीण महाराष्ट्राला माहीत आहे. दगडाचा धंदा त्याचाच भाऊ. 'राइस पुलर' हा त्यातला आणखी एक अवतार. वीज पडलेल्या तांब्याच्या भांड्यात 'इरिडियम' आले असून ते तांदूळ ओढते, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार आहे, फक्त 'तपासणी शुल्क' आधी भरा, असा हा डाव. अशा प्रकरणांत देशभर गुन्हे दाखल झाले आहेत. आधी पैसे मागणारा 'शास्त्रज्ञ' भेटला, की दगड तपासण्याऐवजी पोलीस ठाणे गाठावे.

दुसऱ्या बाजूला, खरोखर देखणा झिओलाइटचा नमुना कवडीमोलाने नेणारे. संग्राहकांच्या बाजारात किंमत ठरते ती स्फटिकाचा रंग, आकार, न तुटलेली टोके आणि सापडल्याचे ठिकाण यांवर. विहिरीतून निघणारे बहुतेक नमुने सुरुंगाने तडकलेले असतात आणि त्यांना फारशी किंमत येत नाही, हेही तितकेच खरे.

घरी काय करू नये?

दगड गॅसवर किंवा चुलीत तापवू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. संडास साफ करायचे आम्ल 'फेस जास्त येतो' म्हणून वापरण्याचा मोह टाळावा, त्याची वाफही घातक. दगड चाटून पाहण्याची जुनी सवय सोडावी. हातोडी मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि मुलांच्या हाती हे काम एकट्याने देऊ नये. कापसासारखी किंवा केसांसारखी तंतुमय खनिजे घासू नयेत, फुंकू नयेत, कोरडी झाडू नयेत. काही झिओलाइट सुयांसारखे बोटात रुततात. एरिओनाइट हे तंतुमय झिओलाइट तर श्वासावाटे गेल्यास कर्करोगकारक ठरते, हे तुर्कस्तानातील काही गावांच्या अनुभवातून सिद्ध झाले आहे.

देवघरातला शाळिग्राम, नर्मदेचा बाण आणि अंगठीतले खडे या चाचण्यांपासून दूर ठेवलेले बरे. ओरखडा आणि आम्ल दोन्ही कायमची खूण ठेवतात. घनतेची पाण्यातली चाचणी तेवढी त्यांना चालते.

दगड किमती निघाला तर तो कुणाचा?

सातबारा नावावर असला तरी खालची खनिजे आपोआप शेतकऱ्याची होत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरील हक्क राज्य सरकारकडे आहेत. विहीर खोदताना हाती आलेला एखादा नमुना घरात ठेवणे आणि स्फटिकांसाठी शेतात खाण सुरू करून माल विकणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात परवाना आणि स्वामित्वधन लागते, नाहीतर दंड होतो. विक्रीचा विचार असेल तर आधी तहसील कार्यालयात किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे विचारणा करावी.

वनखात्याच्या हद्दीत नियम आणखी कडक आहेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये जंगलातील दगड आणि खनिजे यांनाही 'वनोपज' म्हटले आहे. कन्हेरीला वनक्षेत्र आहे. तिथे फिरायला गेल्यावर दगड पाहावा, फोटो घ्यावा, खिशात घालू नये.

घरची चाचणी पुरेशी नसेल तर कुठे जावे?

पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहेत. अभ्यासक साधारणपणे दगड पाहून सांगायला नाही म्हणत नाहीत, पण त्यांना हवी असते ती माहिती. दगडाबरोबर चिठ्ठी ठेवावी : गाव, गट क्रमांक, मोबाइलवर घेतलेले ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, जमिनीपासून किती फूट खाली सापडला, कुठल्या थरात होता, तारीख आणि घरी केलेल्या चाचण्यांचे निकाल. दगडाच्या तुटलेल्या तुकड्यांतला एक मोठा तुकडा न धुता तसाच ठेवावा.

एका प्रकारच्या दगडाला मात्र हातच लावू नये. बारामती तालुक्यातच, मोरगावला कऱ्हेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना अश्मयुगीन माणसाने घडवलेली दगडी हत्यारे आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. २००० ते २००७ दरम्यान तिथे उत्खनन झाले. राख इथली नाही. ती दूरवरच्या, इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. ती टोबाच्या नेमक्या कुठल्या स्फोटाची, ७५ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून फार जुन्या, यावर अभ्यासकांत वाद आहे; आणि हत्यारांचे वय त्या उत्तरावर अवलंबून आहे. नदीकाठच्या दरडीत दोन्ही बाजूंनी टवके काढलेला, हातात नीट बसणारा, पानाच्या किंवा बदामाच्या आकाराचा दगड दिसला तर तो खणून काढू नये. शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून जागेवरच फोटो घ्यावा, ठिकाण नोंदवावे आणि डेक्कन कॉलेजला कळवावे. असा दगड थरातून एकदा उचलला की तो किती जुना, हे नंतर कुठल्याच चाचणीने सांगता येत नाही.